विजेरीचा हिशेब : एलईडी टॉर्च किती प्रवाह ओढतो, किती रात्र साथ देतो?

बुलढाणा : रब्बीच्या हंगामात हरभऱ्याला वा गव्हाला पाणी द्यायचे, तर विहिरीत पाणी असून भागत नाही, मोटारीला वीजही हवी असते. बुलढाणा जिल्ह्यात, राज्याच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणेच, कृषी वाहिन्यांवरील वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे. काही दिवस ती दिवसा, तर काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की शेतकरी अंगावर घोंगडी घेऊन, हाती विजेरी धरून ओलिताला निघतो. आठ तासांच्या त्या पाळीत मोटार सुरू करणे, वाफे बदलणे, फुटलेला बांध बुजवणे ही सारी कामे त्या एका उजेडावर चालतात.

या जिल्ह्यात रात्रीचा अंधार निरुपद्रवी नाही. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे, तर मध्यभागी, बुलढाणा-खामगाव रस्त्याच्या परिसरात, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. ज्ञानगंगा अस्वलांसाठी आणि बिबट्यांसाठी ओळखले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ हजार किलोमीटरहून अधिक भटकंती करून २०१९च्या अखेरीस याच अभयारण्यात पोहोचला होता. जंगलापासून दूरच्या शिवारातही रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी जागलीवर जावे लागते. बांधावरून चालताना मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यापासून पाय जपावा लागतो. अशा वेळी विजेरी ऐनवेळी विझली, तर तो केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही.

आठवडी बाजारात आज शे-दोनशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत एलईडी विजेऱ्या मिळतात. वेष्टनावर ‘दहा हजार ल्युमेन’, ‘दोन किलोमीटर मारा’, ‘९,९०० एमएएच’ असे आकडे छापलेले असतात. यांतील खरे किती आणि पोकळ किती, हे दुकानात ओळखता येत नाही. मात्र साधा मल्टिमीटर हाती असेल, तर विजेरी सेलमधून किती प्रवाह ओढते आणि तिच्या आतला ‘ड्रायव्हर’ कसा वागतो हे अर्ध्या तासात कळू शकते. ही मोजणी कशी करायची, तिच्यात कोणत्या चुका होतात आणि तिच्यातून काय निष्पन्न होते, याचा हा परिचय.

बल्बपासून एलईडीपर्यंत

हातात धरता येण्याजोग्या नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल या संशोधकाला मिळाले. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे विजेरीची रचना फारशी बदलली नाही. दोन-तीन सेल, एक बटण, एक परावर्तक आणि तारेचा बल्ब एवढाच तिचा संसार होता. दोन सेलच्या विजेरीतील २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब पाऊण वॅट वीज घेई. त्यातील बहुतेक वीज उष्णतेत जाई आणि वॅटमागे जेमतेम दहा ल्युमेनच्या आसपास प्रकाश मिळे.

चित्र बदलले ते निळ्या एलईडीने. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी तयार केला. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरक द्रव्याचा थर देऊन १९९६ साली पांढरा एलईडी बाजारात आला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे चांगले पांढरे एलईडी वॅटमागे शंभर ते दीडशे ल्युमेन, काही त्याहूनही अधिक, प्रकाश देतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एलईडी विजेरी रुजली ती भारनियमनाच्या काळात. जून २००५मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाले, त्या सुमाराची काही वर्षे खेड्यांनी दहा-बारा तासांच्या अंधारात काढली. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचून भारित करता येणारी, चार व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीची विजेरी तेव्हा घराघरात आली. आता तिची जागा लिथियम-आयन सेल घेत आहे. या सेलचा एक नेहमीचा आकार ‘१८६५०’ या नावाने ओळखला जातो. त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते.

ड्रायव्हर हवाच कशाला?

तारेचा बल्ब आणि एलईडी यांच्या स्वभावात मूलभूत फरक आहे. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि प्रवाहाला आपोआप लगाम बसतो. एलईडीचे तसे नाही. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्टपर्यंत फारसा प्रवाह लागत नाही. त्यापुढे मात्र व्होल्टेज थोडेसे वाढले, तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. एलईडी तापल्यावर तर त्याच व्होल्टेजला तो अधिकच प्रवाह घेतो. म्हणून एलईडीला ‘इतके व्होल्ट’ देऊन चालत नाही, ‘इतका प्रवाह’ मोजून द्यावा लागतो. हे काम करणारे छोटे मंडल म्हणजे ड्रायव्हर. विजेरीच्या डोक्यात, एलईडीच्या मागे, रुपयाच्या नाण्याएवढ्या चकतीवर ते बसवलेले असते.

बाजारातील विजेऱ्यांत साधारणपणे चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार थेट जोडणीचा. यात ड्रायव्हर नसतोच. सेल, बटण आणि एलईडी एकसरीत जोडलेले असतात. प्रवाहाला अडवतो तो केवळ सेलचा अंतर्गत रोध.

दुसरा प्रकार रोधकाचा. येथे एलईडीच्या वाटेत एक छोटा रोधक घातलेला असतो. त्याची मर्यादा एका हिशेबाने स्पष्ट होते. तीन नवे सेल मिळून ४.५ व्होल्ट देतात आणि एलईडी ३.२ व्होल्ट घेतो असे समजू. उरलेल्या १.३ व्होल्टवर ०.२ अँपिअर प्रवाह हवा असेल, तर ६.५ ओहमचा रोधक लागेल. सेल उतरून प्रत्येकी १.२ व्होल्टवर आले की एकूण ३.६ व्होल्ट होतात, रोधकावर ०.४ व्होल्टच उरतात आणि प्रवाह ०.०६ अँपिअरवर घसरतो. प्रत्यक्षात प्रवाह घटला की एलईडीचे व्होल्टेजही किंचित उतरते, त्यामुळे घसरण याहून थोडी कमी असते. तरीही, सेल अर्धेअधिक भरलेले असतानाच उजेड तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो, हे उघड आहे.

तिसरा प्रकार रेषीय नियंत्रकाचा. ‘७१३५’ या क्रमांकाची चिप यासाठी सर्रास वापरली जाते. एक चिप सुमारे ३५० मिलिअँपिअर प्रवाह स्थिर ठेवते. अशा दोन, चार किंवा आठ चिपा समांतर जोडून हवा तेवढा प्रवाह मिळवतात. सेलचे व्होल्टेज एलईडीच्या गरजेहून जास्त असेल, तर वरचा भाग ही चिप उष्णतेच्या रूपाने टाकून देते. यात सेलमधून जेवढा प्रवाह निघतो, तेवढाच एलईडीला मिळतो.

चौथा प्रकार स्विचिंग ड्रायव्हरचा. यात छोटे वेटोळे असते आणि प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज वाढवले किंवा घटवले जाते. दीड व्होल्टच्या एकाच सेलवर तीन व्होल्टचा एलईडी चालतो तो ‘बूस्ट’ ड्रायव्हरमुळे. एकसरीतील दोन लिथियम सेलच्या ७.४ व्होल्टवरून तोच एलईडी चालवायचा, तर ‘बक’ ड्रायव्हर लागतो. येथे सेलचा प्रवाह आणि एलईडीचा प्रवाह सारखे नसतात, ही गोष्ट मोजणी करताना विशेष लक्षात ठेवावी लागते.

प्रवाह मोजण्याची रीत

व्होल्टेज मोजताना मीटर सेलच्या दोन टोकांना समांतर लावतात. प्रवाह मोजताना मात्र वाट तोडून मीटर मध्ये, म्हणजे एकसरीत, घालावा लागतो. विजेरीत ही वाट तोडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे मागचे झाकण.

१) नव्याने भारित केलेला सेल घ्यावा आणि त्याचे व्होल्टेज आधी नोंदवावे. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट दाखवतो.

२) मल्टिमीटर एकदिश प्रवाहाच्या १० अँपिअरच्या टप्प्यावर ठेवावा आणि लाल तार ‘१० ए’ असे लिहिलेल्या छिद्रात घालावी. २०० मिलिअँपिअरचा टप्पा वापरू नये. बहुतेक विजेऱ्या त्याहून जास्त प्रवाह घेतात आणि मीटरचा फ्यूज उडतो.

३) विजेरीचे मागचे झाकण काढावे. बहुतेक धातूच्या विजेऱ्यांत नळी हीच ऋण बाजू असते. लाल टोक नळीच्या उघड्या कडेला आणि काळे टोक सेलच्या ऋण बुडाला टेकवावे. ॲल्युमिनियमच्या नळीवरील रंगीत थर विद्युतरोधक असतो, म्हणून टोक आट्यांजवळच्या चकचकीत, बिनरंगी कडेवरच टेकवले पाहिजे.

४) एलईडी पेटेल आणि मीटरवर आकडा येईल. पहिल्या दोन-तीन सेकंदांचा आकडा धरू नये. तो स्थिर झाल्यावर नोंदवावा. स्वस्त मीटरच्या दहा अँपिअरच्या वाटेत फ्यूज नसतो आणि सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ मोठा प्रवाह सोडू नये, अशी सूचना त्यावर बहुधा छापलेलीच असते.

५) काम संपताच लाल तार पुन्हा व्होल्टेजच्या छिद्रात घालावी. ती विसरली आणि त्याच मीटरने पुढे सेलचे व्होल्टेज मोजायला गेले, तर मीटरमधून सेलची दोन टोके थेट जुळतात. लिथियम सेलच्या बाबतीत हा प्रकार हाताला भाजणारा, प्रसंगी आग लावणारा ठरतो.

प्लॅस्टिकच्या विजेरीत नळी वाहक नसते. तेथे जुनी युक्ती कामी येते. पातळ पुठ्ठ्याच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवावी, दोन्ही पट्ट्या एकमेकींना शिवणार नाहीत याची खात्री करावी आणि हा तुकडा दोन सेलच्या मध्ये सरकवावा. पट्ट्यांची बाहेर आलेली टोके मीटरला जोडली की प्रवाह मीटरमधूनच जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटार वाइंडिंगच्या दुकानात चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर असतो. तो तारेभोवती धरला की प्रवाह कळतो. मात्र साधा क्लॅम्प मीटर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो आणि फक्त प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, प्रवाह मोजतो. सेलचा प्रवाह एकदिश असतो, त्यामुळे हा मीटर शून्य दाखवतो. त्यासाठी हॉल परिणामावर चालणारा, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो.

मीटरही वाटेत आडवा येतो

प्रवाह मोजण्याच्या नादात मीटर स्वतःच प्रवाह बदलतो, ही या मोजणीतील सर्वांत मोठी फसगत आहे. मीटरच्या आतला शंट, त्याच्या बारीक तारा आणि टोकांचा सैल स्पर्श मिळून सहज ०.१ ओहम रोध होतो. दोन अँपिअर प्रवाहावर तेथे ०.२ व्होल्ट खर्च होतात. भिंतीवरच्या २३० व्होल्टमध्ये हा आकडा नगण्य, पण ३.७ व्होल्टच्या सेलला ३.२ व्होल्टचा एलईडी जोडलेला असताना हाती असलेल्या अर्ध्या व्होल्टमधून ०.२ व्होल्ट जाणे म्हणजे मोठीच तूट.

या तुटीचा परिणाम ड्रायव्हरच्या प्रकारानुसार वेगवेगळा होतो. थेट जोडणीच्या विजेरीत मीटर खऱ्यापेक्षा कमी प्रवाह दाखवतो. रेषीय नियंत्रकाकडे पुरेसे वरकड व्होल्टेज असेल, तर आकडा बदलत नाही. बूस्ट ड्रायव्हरला मात्र कमी व्होल्टेज मिळाल्यामुळे तो भरपाईसाठी अधिक प्रवाह ओढतो, म्हणजे मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. त्यामुळे एकाच मीटरने दोन वेगळ्या प्रकारच्या विजेऱ्यांची तुलना केली, तर निष्कर्ष उलटाही निघू शकतो.

उपाय सोपे आहेत. मीटरच्या बारीक तारांऐवजी घरगुती वायरिंगची जाड, आखूड तांब्याची तार वापरावी. त्याहून चांगले म्हणजे ०.०१ ओहमचा अचूक रोधक झाकणाच्या जागी बसवून त्याच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजावेत. १० मिलिव्होल्ट म्हणजे एक अँपिअर, असा सरळ हिशेब बसतो आणि वाटेत व्होल्टेजही जवळजवळ खर्च होत नाही.

ड्रायव्हरची ओळख पटवताना

झाकणाजवळचा एक आकडा कळला, तरी ड्रायव्हर कोणता हे कळत नाही. त्यासाठी व्होल्टेज बदलत नेऊन प्रवाह कसा बदलतो ते पाहावे लागते. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा आणि अँपिअर दाखवणारा डीसी पॉवर सप्लाय मोबाइल दुरुस्तीच्या बहुतेक दुकानांत असतो. सेल काढून त्याच्या जागी या पॉवर सप्लायच्या तारा लावाव्यात, प्रवाहाची कमाल मर्यादा आधी ठरवून घ्यावी आणि ४.२ व्होल्टपासून ३ व्होल्टपर्यंत ०.१ व्होल्टच्या पायरीने उतरत आकडे नोंदवावेत. बटण जर काढलेल्या झाकणातच असेल, तर ते या जोडणीत वगळलेलेच असते.

नोंदवहीत तीन वेगवेगळी चित्रे दिसतात. व्होल्टेज उतरताच प्रवाह झपाट्याने कोसळत असेल, तर जोडणी थेट किंवा रोधकाची आहे. प्रवाह बराच वेळ सपाट राहून साडेतीन व्होल्टच्या आसपास उतरू लागत असेल, तर नियंत्रक रेषीय आहे. व्होल्टेज उतरताना प्रवाह उलट वाढत असेल, तर ड्रायव्हर स्विचिंग जातीचा आहे.

हे तिसरे चित्र प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण त्यामागील कारण सरळ आहे. एलईडीला ०.३५ अँपिअर आणि ३.२ व्होल्ट, म्हणजे १.१२ वॅट हवे असतात. ड्रायव्हरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सेलमधून सुमारे १.३२ वॅट काढावे लागतात. सेल दीड व्होल्टवर असताना त्यासाठी ०.८८ अँपिअर पुरतात, तोच १.१ व्होल्टवर आला की १.२ अँपिअर लागतात. म्हणजे दमलेल्या सेलवर अधिक ओझे पडते आणि तो आणखी वेगाने बसतो.

रात्रीच्या वाटेवर या फरकाला महत्त्व आहे. रोधकाची विजेरी हळूहळू मंद होत जाते. उजेड कमी पडतो, पण सूचना मिळते. स्विचिंग ड्रायव्हरची विजेरी शेवटपर्यंत एकसारखी तळपते आणि मग अचानक विझते. लिथियम सेलमध्ये संरक्षक मंडल असेल, तर तेही व्होल्टेज ठरावीक पातळीखाली, साधारण अडीच ते तीन व्होल्टच्या दरम्यान, जाताच वाट तोडते. अशी विजेरी घ्यायची, तर तिला सेल उतरल्याची सूचना देणारा दिवा असणे किंवा सोबत दुसरा सेल असणे अगत्याचे आहे.

कार्यक्षमतेचे गणित

ड्रायव्हर किती वीज एलईडीपर्यंत पोहोचवतो आणि किती वाया घालवतो, हे कळण्यासाठी चार आकडे लागतात : आत येणारे व्होल्टेज व प्रवाह आणि एलईडीवरचे व्होल्टेज व प्रवाह. एलईडीचा प्रवाह मोजण्यासाठी त्याच्या तारेत ०.१ ओहमचा रोधक घालावा. त्याच्यावरील १०० मिलिव्होल्ट म्हणजे एक अँपिअर. बाहेरची शक्ती भागिले आतली शक्ती, ही कार्यक्षमता.

उदाहरणार्थ, रेषीय नियंत्रकाला ३.८ व्होल्ट आणि ०.६ अँपिअर, म्हणजे २.२८ वॅट मिळाले, एलईडीवर ३.१ व्होल्ट आणि ०.६ अँपिअर, म्हणजे १.८६ वॅट पोहोचले. कार्यक्षमता झाली ८२ टक्क्यांच्या जवळ. सेल पूर्ण भरलेला असताना याच नियंत्रकाची कार्यक्षमता कमी असते आणि सेल उतरत जाईल तशी ती वाढते, कारण टाकून देण्याचे व्होल्टेज कमी होत जाते. म्हणून एकाच व्होल्टेजवरचा आकडा सांगणे पुरेसे नाही.

मंद उजेडाच्या टप्प्यात आणखी एक गुंता येतो. अनेक विजेऱ्या प्रवाह कमी न करता तो अतिशय वेगाने चालू-बंद करून उजेड मंद करतात. अशा वेळी साधा मीटर सरासरी दाखवतो. सरासरी व्होल्टेज आणि सरासरी प्रवाह यांचा गुणाकार मात्र खरी शक्ती देत नाही. विजेरी अशा जातीची आहे का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास कळते. पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात.

वेष्टनावरील आकड्यांची परीक्षा

प्रवाह कळला की वेष्टनावरच्या दाव्याची कमाल मर्यादा काढता येते. एलईडीला अर्धा अँपिअर आणि ३.२ व्होल्ट मिळत असतील, तर शक्ती १.६ वॅट होते. वॅटमागे दीडशे ल्युमेन धरले तरी २४० ल्युमेन होतात. काच आणि परावर्तकातील घट वजा केली की त्याहूनही कमी. दहा हजार ल्युमेनसाठी याच हिशेबाने सुमारे ६७ वॅट लागतील, म्हणजे ३.७ व्होल्टच्या एका सेलमधून १८ अँपिअर. उत्तम सेलमध्ये १२-१३ वॅट-तास ऊर्जा असते. ती अकरा-बारा मिनिटांत संपेल. मीटर जर अर्धा अँपिअर दाखवत असेल, तर वेष्टनावरचे दहा हजार ल्युमेन केवळ शाईतच आहेत.

सेलच्या क्षमतेबाबतही तेच. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. त्या आकाराच्या सेलवर ९,९०० छापले असेल, तर तो आकडा वाचण्याचीही गरज नाही. अशा आकाराचा भरीव सेल ४५ ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. सोनाराच्या काट्यावर तो फारच हलका भरला, तर आत माल कमी आहे असे समजावे. लिथियम सेलसाठी भारतीय मानक १६०४६ (भाग २) लागू आहे. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

प्रकाश मोजण्याची पद्धत २००९ साली अमेरिकेत ‘एफएल १’ या मानकाने ठरवण्यात आली. त्यानुसार ल्युमेनचा आकडा विजेरी लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान घेतला जातो. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ ‘चालण्याचा वेळ’ मानला जातो. आणि उजेड ०.२५ लक्सवर येतो ते अंतर ‘मारा’ ठरते. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. वेष्टनावर दोनशे मीटर लिहिले असेल, तर दोनशे मीटरवर चांदणेच पडणार. तेथे उभे असलेले जनावर रोही आहे की अस्वल, हे ओळखायचे, तर निम्म्याहूनही कमी अंतर गृहीत धरावे.

घरी तुलना करायची, तर लहान खोलीत विजेरी छताकडे तोंड करून उभी ठेवावी आणि थेट झोत पडणार नाही अशा जागी लक्स मीटर किंवा प्रकाश मोजणारा मोबाइल ठेवावा. मोबाइलचा आकडा अचूक नसतो. पण एकाच जागी, एकाच मोबाइलने दर दहा मिनिटांनी घेतलेल्या नोंदी उजेड कसा उतरत गेला, हे नेमके सांगतात.

बंद विजेरीची गळती

इलेक्ट्रॉनिक बटणाच्या विजेऱ्या बंद असतानाही थोडा प्रवाह घेत राहतात, कारण बटण दाबले गेले का, हे पाहणारी चिप जागी असते. हा प्रवाह ५० मायक्रोअँपिअर असेल, तर वर्षभरात सुमारे ४३८ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. ही गळती सहन करण्याजोगी आहे. तोच प्रवाह एक मिलिअँपिअर असेल, तर २,००० मिलिअँपिअर-तासांचा सेल ८३ दिवसांत, विजेरी एकदाही न लावता रिकामा होतो. खरिपात कोनाड्यात ठेवलेली विजेरी रब्बीच्या पहिल्या पाळीला का पेटत नाही, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते. ही गळती मायक्रोअँपिअरच्या टप्प्यावर मोजावी. मोजताना चुकून विजेरी लावली, तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. झाकण अर्धा आटा सैल करून ठेवले की बहुतेक धातूच्या विजेऱ्यांत वाट तुटते आणि गळती थांबते.

आठ तासांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल : ओलिताच्या आठ तासांच्या रात्रीला विजेरी पुरेल का? रेषीय नियंत्रकाची विजेरी झगझगीत टप्प्यावर एक अँपिअर आणि मंद टप्प्यावर ०.१ अँपिअर ओढते, असे मोजणीत दिसले समजू. तासातून पंधरा मिनिटे झगझगीत आणि पंचेचाळीस मिनिटे मंद उजेड वापरला, तर तासाला ०.२५ अधिक ०.०७५, म्हणजे ०.३२५ अँपिअर-तास लागतात. आठ तासांचे झाले २.६. खऱ्या तीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या सेलमधूनही वीस टक्के राखीव ठेवले, तर हाती २.४ उरतात. हिशेब चुकला आणि अंधार पडेल तो नेमका पहाटे, घराकडे परतताना. झगझगीत उजेड तासाला दहा मिनिटांवर आणला, तर आठ तासांत सुमारे दोन अँपिअर-तास लागतात आणि तोच सेल पुरून उरतो. पाच मिनिटांच्या फरकावर रात्र निभते किंवा निभत नाही, हे मीटरवाचून कळणारे नव्हते.

मंद उजेड अगदीच निरुपयोगी असतो, असेही नाही. ०.२ अँपिअरवर चालणारा चांगला एलईडी साठेक ल्युमेन देतो आणि पायाखालची वाट पाहण्यासाठी तो पुरेसा असतो. रात्री चालताना उजेड पायाशी, दूरचा झोत अधूनमधून आणि सोबतीला माणूस, हा अनुभवी शेतकऱ्यांचा नेम या गणितातही बसतो.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. कृषी वाहिन्या सौर ऊर्जेवर आणण्याचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. रात्रीचे ओलित ज्या दिवशी पूर्णपणे थांबेल, त्या दिवशी विजेरी पुन्हा अंगणापुरती उरेल. तोवर पाळीला निघण्यापूर्वी सेलचे व्होल्टेज एकदा पाहणे, आपली विजेरी किती प्रवाह ओढते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणे आणि खिशात एक भरलेला सेल वेगळ्या डबीत ठेवणे, या तीन सवयी कोणत्याही वेष्टनावरच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासाच्या आहेत.